शेरा

नंदुरबारात मिरचीच्या दिवसांत
खोकल्याला कुणी विचारत नाही.
पथारीवरून वारा उठला की
स्टँडपासून आमच्या लॅबच्या जिन्यापर्यंत
सगळ्यांचे डोळे सारखेच लाल,
रिक्षावाल्याचे, पोलिसाचे, नव्या सुनेचे.
मंजुळाबाई पाच दिवस खोकत होत्या
आणि कुणालाच काही वेगळं ऐकू आलं नाही.

सहाव्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या.
मंजुळा सुपडू भोई, वय अडतीस.
ताप, घसा, अंगदुखी. सीबीसी, सीआरपी.
स्पिरिटचा बोळा फिरवला तर कापूस गुलाबी.
दचकले. सुई तर अजून टोपणातच होती.
मिरचीचा रंग तो, कोपरापर्यंत मुरलेला.
"घासीसन बी जात नही," त्या म्हणाल्या,
जणू चूक त्यांचीच.

जांभळ्या टोपणाची नळी भरली.
मशीन घरघरलं, चिठोरं काढलं:
पांढऱ्या पेशी तीन हजार सातशे.
लिम्फोसाइट अठ्ठेचाळीस टक्के.
प्लेटलेट एक लाख बेचाळीस हजार.
सीआरपी नऊ, तेही संध्याकाळी.
सगळे आकडे उंबरठ्यात उभे,
एक पाय आत, एक बाहेर,
"बसत नाही, जातोच" म्हणणाऱ्या पाव्हण्यासारखे.

मग काचेवर थेंब ओढला, लिशमन ओतलं, धुतलं,
भिंगाखाली सरकवली काच.
ती तिथे होती. मोठी, ऐसपैस,
निळा घोळ पसरून बसलेली,
शेजारच्या तांबड्या पेशींत कडा खुपसून,
देठं खुडायला बसलेल्या बाईचं लुगडं
शेजारणीच्या ढिगाला टेकावं तशी.
अजून एक. अजून एक.
शंभर लिम्फोसाइट मोजल्या, त्यांत सात.
कामाला लागलेली पेशी अशी दिसते.
कुणाशी गाठ पडली, ते मात्र काच सांगत नाही.

खाली मोटरसायकलवर मुकादम दगा थांबलेला.
वर आला, बाईंच्या हातातून कागद घेतला.
"काय निंघनं, ताई? मिरचीनाच खोकला शे ना?"
ठळक छापलेले आकडे बोटाने मोजले.
"मंग बारीकच शे."
बारीकच होतं.
खोटं बोलला नाही तो.
डॉक्टरही तेच सांगणार होते:
कोमट पाणी, तापाची गोळी, चार दिवस आराम.
फक्त आराम कुठल्या रकान्यात छापायचा
हे मशीनला शिकवलेलं नाही.

मी कागद परत मागितला.
शेऱ्याची जागा अर्धा इंच.
तिथे मी एरवी काही लिहीत नाही.
आज लिहिलं, मराठीत, त्याला वाचता येईल असं:
"विषाणूच्या तापात दिसतात तशा बदललेल्या पेशी दिसल्या. हा खोकला"
आणि हात अडला.
"मिरचीचा नाही" हे दोन शब्द
नळीत नव्हते, काचेवरही नव्हते.
दोन्हींचा असेल. फुफ्फुसं काही
वाटणी करून खोकत नाहीत.
"हा खोकला" खोडलं.
मागे राहिलं ते दिसलेलं.

दगाने ते दोनदा वाचलं. ओठ हलवत.
"दोन रोज," म्हणाला शेवटी,
आणि रोज कापणार की नाही
ते बोलला नाही.
मंजुळाबाई जिना उतरताना मध्येच थांबल्या.
मला वाटलं काही विचारतील.
कठडा धरून खोकल्या, आणि गेल्या.

पुन्हा तपासणीला त्या आल्या नाहीत.
बऱ्या माणसाच्या रक्तावर कोण पैसे घालतं?
त्यामुळे ते आकडे आत कधी गेले,
कुठल्या रात्री,
पोळ्या लाटताना की देठं खुडताना,
कुठेच नोंद नाही.
गेले असतील. जातात.

कालपासून माझाही घसा खवखवतोय.
खिडकीतून पथारी दिसते,
उन्हात पसरलेली, मैलभर लाल.
मशीन रिकामं आहे.
एक जांभळं टोपण हातात घेते,
फिरवते,
परत खोक्यात ठेवते.